उत्तर कोणी काढायचं?

मी गणिताचे आणि अल्गोरिदमचे व्हिडिओ मराठीत करते. नोकरी ऐरोलीत, राहायला घणसोली. इमारतीतले टीव्ही बंद झाले की खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा आणि रेकॉर्डिंगला बसायचं, असा हा रात्रीचा उद्योग आहे. चॅनल लहान आहे. ते नेमाने पाहणाऱ्यांत माझे शाळेतले गणिताचे सर आहेत. वाशीच्या मराठी शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते नेरुळला असतात. त्यांचं म्हणणं, गणित हाताने होतं, डोळ्यांनी होत नाही. माझं म्हणणं, गणितातल्या काही गोष्टी डोळ्यांना दिसल्याशिवाय हात त्यांच्याकडे वळतच नाही. गणिती कापरेकर यांच्या ६१७४ या संख्येवरचा व्हिडिओ पाहून त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. तिथे जे बोलणं झालं त्यातलं बरंचसं इथे देते आहे. वाद मिटला नाही, पण मी हे काम कोणासाठी करते ते मला त्या दिवशी नीट सांगता आलं.

सर : चित्रं सुरेख झालीत. पण वजाबाकी तू का केलीस?

मी : म्हणजे?

सर : ३५२४ घेतलीस. अंक उतरत्या क्रमाने लावले, ५४३२. चढत्या क्रमाने, २३४५. वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आणि ६१७४. हे सगळं पडद्यावर आपोआप झालं. अंक सरकत जाऊन आपापल्या जागी बसले, उत्तर पिवळं झालं. मी नुसता बघत होतो. पोरगंही नुसतं बघणार आणि त्याला वाटणार, आपल्याला कळलं.

मी : कृती तर कळलीच ना, सर.

सर : कृती दिसली. आता २१११ घे. २१११ वजा १११२?

मी : ०९९९.

सर : तू ०९९९ म्हणालीस, कारण प्रोग्राम तू लिहिला आहेस आणि चार अंक कायम ठेवायला त्याला तूच सांगितलं आहेस. सातवीतला मुलगा ९९९ लिहिणार. मग ९९९ मधून ९९९ गेले, शून्य. तो म्हणणार, शेवटी ६१७४ येते हे कापरेकरांचं म्हणणं इथे चुकलं. त्याच्या वहीत ते शून्य आलं, की मग मी विचारतो, आपण चार अंकी संख्येपासून निघालो होतो ना, मग तीन अंकी कधी झालो? तेव्हा त्याला पुढचं शून्य का ठेवायचं ते समजतं, आणि ९९९० वजा ०९९९, ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४ हा सगळा रस्ता तो स्वतः चालतो. तुझ्या व्हिडिओत ते शून्य आपोआप येऊन बसलं. मुलाची अडखळायची जागाच तू बुजवून टाकलीस.

सरांचा हा मुद्दा मला तिथेच पटला होता. तरी मी गप्प बसले नाही, कारण त्या व्हिडिओचा जीव पुढच्या भागात आहे.

मी : आता पुढचं फळ्यावर करून दाखवा. अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड असे धरले, तर वजाबाकी येते ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). म्हणजे मूळ संख्या कोणतीही असो, वजाबाकीला त्यातले फक्त दोन फरक लागतात. सगळे अंक सारखे असलेल्या दहा संख्या सोडल्या, तर पुढची शून्यं धरून चार अंकी अशा ९,९९० संख्या उरतात. पडद्यावर तेवढे ठिपके आहेत. पहिली वजाबाकी झाली की ते सगळे अवघ्या ५४ जागांवर गोळा होतात. मग त्या ५४ जागांमधून बाण निघतात, आणि सुरुवातीपासून मोजलं तर जास्तीत जास्त सातव्या पायरीला सगळे ६१७४ वर पोचतात. शंभर मुलांनी शंभर संख्या वहीत केल्या तरी त्यांना इतकंच कळतं की उत्तर दरवेळी तेच येतं. ते का येतं, याची पहिली चाहूल त्या ५४ ठिपक्यांत लागते.

सर : ते मला फार आवडलं. मी दोनदा लावून पाहिलं. पण ५४ कुठून आले?

मी : ते मी मुद्दाम सांगितलं नाही. पाहणाऱ्याने मोजावं.

सर : अ − ड एक ते नऊ. तो फरक एक असेल तर ब − क शून्य नाहीतर एक, दोनच पर्याय. दोन असेल तर तीन पर्याय. असं करत नऊला दहा. दोन अधिक तीन अधिक चार, थेट दहापर्यंत, चोपन्न. मी केलं. पण मला ते करायला व्हिडिओ मागे न्यावा लागला. तू उत्तर सांगितलं नाहीस, पण थांबलीही नाहीस. संगीत चालू होतं आणि पुढचं चित्र आलं. वर्गात मी गप्प बसतो तेव्हा सगळा वर्ग गप्प बसतो. ती शांतता मुलाला सांगते की आता तुझी पाळी आहे.

यावर मी त्यांना डेरेक मुलर यांच्या संशोधनाबद्दल सांगितलं. पुढे व्हेरिटासियम या विज्ञानाच्या चॅनलमुळे जगभर माहीत झालेल्या मुलर यांनी २००८ साली सिडनी विद्यापीठात पीएच.डी. केली, ती भौतिकशास्त्राच्या शैक्षणिक व्हिडिओंवरच. स्वच्छ, सरळ समजावणारे व्हिडिओ विद्यार्थ्यांना सोपे वाटले, आपल्याला कळलं अशी त्यांची खात्री वाढली, पण चाचणीत प्रगती फारशी दिसली नाही. ज्या व्हिडिओंत आधी नेहमीची चुकीची समजूत बोलून दाखवली आणि मग ती तपासली, ते विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारे वाटले, पण शिकणं त्यांतूनच जास्त झालं.

सर : म्हणजे तुझ्याच क्षेत्रातला माणूस माझ्या बाजूने बोलतो.

मी : माझ्याही. व्हिडिओ करू नका असं तो म्हणत नाही. चुकीपासून सुरुवात करा, असं म्हणतो.

सर : मग त्यासाठी मुलं कुठे चुकतात ते माहीत हवं. खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासूनचं. मुलांच्या गणितातल्या चुकांकडे त्यांनी वर्षानुवर्षं अभ्यासाचा विषय म्हणून पाहिलं. तुझ्याकडे वर्ग नाही. मुलं कुठे अडली ते तुला कोण सांगणार? आणि तुला तपासणार कोण? बालचित्रवाणी आठवते?

मला ती आठवते. पुण्यातून १९८४ साली सुरू झालेली राज्याची ती संस्था दूरदर्शनसाठी मराठीतून शालेय कार्यक्रम बनवायची. स्टुडिओ होता, विषयतज्ज्ञ होते, संहिता तपासली जायची. २०१७ मध्ये ती बंद झाली, आणि आता मराठीत असं काही करायचं तर माझ्यासारख्या एकट्या-दुकट्या माणसांनी, नोकरी सांभाळून. सरांच्या प्रश्नाला माझ्याकडे अर्धं उत्तर आहे, ते मी त्यांना सांगितलं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे धडे असतात, मराठीतही असतात. तिथे रेकॉर्डिंगच्या आधी संहिता अगदी नवख्या माणसाकडून तपासून घेतात. तज्ज्ञाला जे दिसत नाही ते नवख्याला अडतं. मीही आता संहिता आधी इमारतीतल्या एका नववीतल्या मुलीला वाचून दाखवते. ती जिथे कपाळाला आठ्या घालते तिथे मी पेन्सिलीने खूण करते.

सर : एका मुलीच्या आठ्या म्हणजे वर्ग नव्हे.

मी : नव्हे. पण कापरेकरांकडे तरी काय होतं?

सरांना हे नाव हळवं करतं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर डहाणूला १९०५ साली जन्मले, ठाण्यात आणि फर्ग्युसनमध्ये शिकले, १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिक्षक होते. गणितातली पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. ६१७४ चा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. पुष्कळसं काम त्यांनी पदरच्या पैशांनी छोट्या पुस्तिकांमधून छापलं. मोठी नियतकालिकं त्यांच्याकडे वळत नव्हती आणि इथले बरेच गणिती त्याला नुसता आकड्यांचा खेळ समजत. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकनमधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कापरेकर सत्तरीचे होते. इतकी वर्षं तो माणूस पुस्तिका छापत राहिला, कोणी वाचेल या भरवशावर. माझ्या लेखी महाराष्ट्रातला गणिताचा खरा छोटा निर्माता तो. मी त्यांच्यावर व्हिडिओ केला तो एवढ्याचसाठी.

सर : पण त्यांच्या पुस्तिकेत ठिपके हलत नव्हते. वाचणाऱ्याला पेन उचलावंच लागायचं.

मी : आणि पुस्तिका किती जणांच्या हाती पडायची?

सर : तुझा व्हिडिओ किती जणांच्या?

मी : फार नाही. जाहिरातीतला वाटा मिळायला हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहणं लागतं. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. बारा मिनिटांच्या व्हिडिओवर माणूस सरासरी चार मिनिटं टिकला असं धरलं, तर वर्षाला साठ हजार वेळा तो पाहिला जायला हवा. मराठीतल्या सिद्धतेला इतकी माणसं कुठून आणू? दहावीच्या सरावसंचाची उत्तरं सोडवून टाकली तर फेब्रुवारीत ते सहज होईल.

सर : मग का नाही करत? मुलांना त्याचीही गरज असते.

मी : असते, आणि ते करणारे चांगले लोक आहेत. मला जे येतं ते हे आहे.

पैशांचा विषय इथेच संपला. आम्हा दोघांनाही त्यात फारसा रस नव्हता. सर स्वयंपाकघरातून चहा घेऊन आले आणि पुढच्या व्हिडिओबद्दल विचारू लागले.

मी : डायक्स्ट्राचा अल्गोरिदम. सर्वांत जवळचा रस्ता शोधायचा. नकाशा आपल्याच लोकलचा. ठाण्याहून दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तुर्भ्याला मार्ग फुटतो, एक सानपाड्यावरून वाशीला, एक जुईनगरवरून नेरुळला. आणि सानपाडा आणि जुईनगर हार्बर मार्गाने आपसात जोडलेले. तिथे एक त्रिकोण तयार होतो.

सर : घणसोलीच्या पोराला नेरुळला कसं जायचं ते पाठ असतं. त्याला अल्गोरिदम कशाला?

मी : पाठ आहे म्हणूनच. उत्तर आधीच माहीत असलं की लक्ष उत्तराकडे राहत नाही, ते कसं सापडलं याकडे जातं. आपण नकाशा एका नजरेत पाहतो. यंत्राला एवढंच ठाऊक असतं की या स्थानकाला लागून कोणती स्थानकं आहेत आणि तिथे जायला किती मिनिटं. जिथपर्यंतची वेळ कळली आहे त्यांपैकी सगळ्यांत कमी वेळाचं स्थानक पक्कं करायचं, त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे कमी होत असतील तर बदलायचे, आणि पुन्हा तेच. एकदा पक्कं झालेलं स्थानक मागे फिरून पाहायचं नाही. ते का पाहायचं नाही, यात सगळं गणित आहे.

सर : प्रवासाची वेळ कधी उणे नसते, म्हणून.

मी : बरोबर. आणि सर, डायक्स्ट्रांना हे १९५६ साली सुचलं ते ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत कॉफी पिताना, वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीशिवाय. हातात कागद नव्हता म्हणून गुंतागुंत टाळावी लागली आणि अल्गोरिदम इतका सुटसुटीत झाला, असं ते स्वतः सांगत. छापला मात्र तीन वर्षांनी, १९५९ मध्ये.

सर : कागदाशिवाय सुचलं, कारण तोवर कागदावर पुष्कळ झालं होतं. तुझ्या पोरांचं झालेलं नाही.

हे त्यांचं नेहमीचं ठिकाण, आणि तिथून त्यांना कोणी हलवू शकत नाही. म्हणून मी त्यांना माझ्या बाजूची मेहनत सांगितली. मी मॅनिम नावाच्या साधनावर काम करते. थ्रीब्लूवनब्राउन या चॅनलच्या ग्रँट सँडरसन यांनी आपल्या व्हिडिओंसाठी २०१५ पासून ते पायथनमध्ये लिहीत आणलं आणि सगळ्यांना खुलं केलं. पडद्यावरची प्रत्येक हालचाल आधी कोडमध्ये लिहावी लागते. मराठी शब्द त्यात अक्षरांनी नाही, आकारांनी मोजला जातो. जोडाक्षर आलं की मोजणी सरकते आणि रंग भलत्याच जागी चढतो. ९,९९० ठिपके ५४ जागी न्यायचे तर प्रत्येक संख्येचे दोन्ही फरक काढल्याशिवाय ठिपका हलत नाही. ते लिहिताना मला कापरेकरांची कृती जितकी समजली तितकी ती शाळेत समजली नव्हती.

सर : हेच तर मी म्हणतोय! कोड तू लिहिलंस, म्हणून तुला समजलं. पाहणाऱ्याने काय केलं? अरविंद गुप्तांच्या विज्ञान-खेळण्यांच्या फिल्म बघ. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बनलेल्या, एकदोन मिनिटांच्या, मराठीत, हिंदीत, कितीतरी भाषांत. आगपेटीच्या काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, स्ट्रॉ. ती फिल्म बघून मूल पुढची फिल्म लावत नाही, कात्री शोधायला उठतं. तुझा व्हिडिओ संपल्यावर मूल काय शोधायला उठतं?

या प्रश्नाला माझ्याकडे त्या क्षणी उत्तर नव्हतं आणि मी ते बनवलंही नाही. थोड्या वेळाने सरांनी त्यांची अट सांगितली.

सर : पुढचा भाग कर. २१११ घे. ९९९ लिही, चूकच लिही. पुढे शून्य येऊ दे. तिथे पडदा थांबव, संगीत बंद कर. आणि बरोबर रस्ता दाखवू नकोस.

मी : थांबवीन. शून्यही येऊ देईन. पण बरोबर रस्ता मी दाखवणार.

सर : मग सगळे उत्तराची वाट बघत बसतील.

मी : सर, तुमच्या वर्गात उत्तर न सांगणं चालतं, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथे असता. मुलगा शून्य घेऊन आला की तुम्ही विचारता, तीन अंकी कधी झालो? तुमच्या गप्प बसण्याला तुमचा आधार असतो. माझा व्हिडिओ बघणारा मुलगा कळंबोलीत एका खोलीत बसलेला असतो, रात्री, आईचा मोबाइल घेऊन. क्लासची फी परवडत नाही. घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. किंवा मराठी माध्यमात दहावी झालेली एखादी मुलगी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आलेली असते, वर्गात इंग्रजीतून सांगितलेलं तिच्या कानावरून जातं आणि हात वर करायची तिला भीती वाटते. २०२१ पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला एआयसीटीईची मुभा आहे, पण तिच्या कॉलेजात तो वर्गच नाही. त्यांच्या वहीत शून्य आलं आणि मी गप्प बसले, तर त्यांना वाटणार नाही की आता आपली पाळी आहे. त्यांना वाटेल, आपल्याला गणित येत नाही. हे त्यांनी आधीच पुष्कळदा ऐकलेलं असतं. ज्याला सर आहेत त्याच्यासाठी मी व्हिडिओ करत नाही.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जुन्या वहीचं एक पान फाडलं आणि त्यावर लिहायला घेतलं.

सर : बरं. चार अंकांचा रस्ता दाखव. चूक आधी, मग थांबणं, मग रस्ता. हे मला मान्य. पण शेवटी एक प्रश्न ठेव, आणि तो उघडा राहू दे. दोन अंकी संख्यांचं काय होतं?

मी : ९० वजा ०९, ८१. मग ६३, मग २७, मग ४५, आणि ५४ वजा ४५, पुन्हा ०९.

सर : पाच संख्या नुसत्या गोल फिरतात. एका जागी थांबतच नाहीत. तीन अंकांना ४९५ भेटते, चारांना ६१७४, आणि दोनला काहीच नाही. हे ज्याचं त्याने शोधलं तर तो ते आयुष्यात विसरणार नाही.

मी : पण तो एकच संख्या शोधत असणार. व्हिडिओभर त्याने तेच पाहिलं. ती मिळाली नाही की तो वजाबाकी खोडून पुन्हा करेल, पुन्हा ०९ येईल, पुन्हा खोडेल, आणि वही मिटेल.

सर : मिटू दे. दोन दिवसांनी उघडेल.

मी : सगळे उघडत नाहीत, सर.

तो भाग मी आता केला आहे. त्यात २१११ आहे, चुकीचं ९९९ आहे, शून्य आल्यावर बराच वेळ स्तब्ध राहिलेला पडदा आहे. तेवढ्या वेळात पुष्कळ जण व्हिडिओ सोडून जातात, हे मला आकडेवारीत स्वच्छ दिसतं, आणि तरी ती शांतता मी कमी केलेली नाही. शेवटी दोन अंकांचा प्रश्न आहे. उत्तर सांगितलेलं नाही. प्रश्नाखाली मी एकच ओळ ठेवली आहे : तुम्ही फिरून ०९ वर आलात, तर तुमची वजाबाकी बरोबर आहे.

सरांनी तो पाहिल्यावर फोन केला. पडदा थांबवलास ते बरं केलंस, म्हणाले, पण ही ओळ म्हणजे अर्धं उत्तर देऊन टाकणं आहे, ती काढ. मी ती काढलेली नाही.